फाइलचे आडनाव का दडवले जाते?

संगणकावरील फाइलच्या नावाचे सामान्यतः दोन भाग असतात. टिंबापूर्वीचे नाव वापरणारा ठरवतो, तर टिंबानंतरची तीन-चार अक्षरे, म्हणजेच एक्स्टेन्शन, ही फाइल कोणत्या प्रकारची आहे ते सांगतात. हे एका परीने फाइलचे आडनावच होय. विंडोज प्रणालीत फाइलवर डबल क्लिक केल्यावर काय घडावे, हे मुख्यतः या आडनावावरून ठरते. ते ‘टीएक्सटी’ असेल तर मजकूर वाचनासाठी उघडतो. ‘ईएक्सई’ असेल तर तो प्रोग्रॅम असतो आणि थेट चालू लागतो. वाचणे आणि चालवणे या अगदी भिन्न क्रिया आहेत, परंतु वापरणाऱ्याची कृती मात्र एकच. सोय आणि सुरक्षितता यांच्यातील ओढाताण येथूनच सुरू होते.

डॉसच्या काळात नावाला आठ आणि आडनावाला तीन अक्षरांची मर्यादा होती. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने लांब नावांना मुभा दिली आणि त्याचबरोबर परिचित प्रकारांची एक्स्टेन्शन्स पडद्यावर न दाखवण्याची पद्धत रूढ केली. या पद्धतीचे फायदेही होते. नवख्या माणसाला तांत्रिक अक्षरांचा जाच होत नसे आणि नाव बदलताना ती अक्षरे चुकून पुसली जाऊन फाइल उघडेनाशी होण्याची भीतीही राहत नसे. फाइल ओळखण्यासाठी उरले ते तिचे चित्र, म्हणजे आयकॉन. परंतु प्रोग्रॅमचा आयकॉन त्याचा निर्माताच निवडतो. परिणामी खरी ओळख झाकली गेली आणि सहज बनावट करता येणारी ओळख समोर राहिली.

याची किंमत ४ मे २००० रोजी जगाला मोजावी लागली. फिलिपाइन्समधून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या ई-मेलसोबत ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’ ही फाइल येत असे. ‘व्हीबीएस’ हे खरे आडनाव दडलेले असल्याने अनेकांना ती साध्या मजकुराची फाइल वाटली. प्रत्यक्षात ती आज्ञावली होती. उघडताच तिने आउटलुकमधील पत्त्यांवर स्वतःच्या प्रती पाठवल्या आणि छायाचित्रांच्या फायलींवर स्वतःचा मजकूर लिहून त्या नष्ट केल्या.

इतर प्रणालींनी निराळे मार्ग चोखाळले. यूनिक्समध्ये फाइल चालवण्याची परवानगी हा नावापासून स्वतंत्र गुणधर्म असतो. ई-मेलमधून उतरवलेल्या फाइलला ती सहसा आपोआप मिळत नाही. हा मार्ग अधिक सुरक्षित, पण परवानगी देण्याची जादा पायरी वापरणाऱ्यावर पडते. १९८४ च्या मॅकिन्टॉशने प्रकार दर्शवणारे संकेत नावाबाहेर वेगळे साठवले. त्यामुळे नाव मोकळे राहिले, परंतु फाइल दुसऱ्या प्रणालीवर गेली की हे संकेत गळून पडण्याचा धोका असे.

मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकद्वारे आणखी एक उपाय योजला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला एक अदृश्य खूण जोडायची आणि ती उघडताना इशारा द्यायचा. मात्र ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर फाइल उतरवली की ती नाहीशी होते. आयएसओ प्रकारच्या फाइलमध्ये बांधलेल्या फायलींनाही ती लागू होत नसे. ही पळवाट नोव्हेंबर २०२२ मध्ये बुजवण्यात आली. शिवाय इशारे वारंवार येऊ लागले की माणूस ते न वाचताच ‘होय’ म्हणू लागतो, ही अडचण उरतेच.

मोबाइलमुळे प्रश्नाचे रूप बदलले, मूळ तेच राहिले. भारतात अलीकडे लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची नोटीस असल्याचे भासवून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फायली पाठवल्या जातात. एपीके म्हणजे कागदपत्र नव्हे, तर अँड्रॉइडवर स्थापित होणारे अ‍ॅप. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून अशा स्थापनेची परवानगी प्रत्येक अ‍ॅपसाठी स्वतंत्रपणे मागितली जाते. तरीही पत्रिका पाहण्यास उत्सुक माणूस ती देऊन टाकतो आणि बँकेचे संदेश वाचू शकणारे अ‍ॅप फोनमध्ये शिरते.

विंडोज ११ मध्येही एक्स्टेन्शन्स मुळात दडवलेलीच असतात. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो’ आणि त्याखाली ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय निवडल्यास ती दिसू लागतात. शॉर्टकटचे ‘एलएनके’ मात्र तेव्हाही दिसत नाही. आडनाव दिसले म्हणजे फाइल निर्धोक ठरली असे नव्हे. परंतु फाइल उघडण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकायची असेल, तर ती काय आहे हे त्याला आधी दिसले पाहिजे.