पांढरीतील कथा आणि पडद्यावरील कथा

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगावची जी पांढरीची टेकाडे आहेत, त्यांच्या उत्खननास डेक्कन कॉलेजने १९६८ साली आरंभ केला. आणि सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांच्यासारख्या विद्वानांच्या देखरेखीखाली १९८३ पर्यंत हे काम अशा पद्धतीने चालले, की केवळ खोल खड्डा घेऊन थरांचा क्रम लावण्यावर समाधान न मानता वस्तीचा विस्तृत भाग आडवा उघडण्यात आला, घरामागून घर आणि अंगणामागून अंगण प्रकाशात आले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे वर्षे, येथे शेतकऱ्यांची वस्ती नांदली. तिने एकही अक्षर मागे ठेवले नाही. राजाचे नाव नाही, वंशावळ नाही, दानपत्र नाही, दप्तर नाही. आणि तरीही महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात या अनामिक माणसांइतकी आपल्या परिचयाची झालेली माणसे विरळाच.

संगणकावरील कथाप्रधान खेळ, त्यातही मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावाचून चारदोन माणसांनी स्वतंत्रपणे रचलेले, ज्यांना आज सर्वत्र इंडी खेळ म्हणतात, ते मी आवडीने खेळत आलो आहे, आणि त्या अनुभवाने माझे एक मत दृढ झाले आहे: यांतील जे उत्तम आहेत ते इनामगावच्या उत्खननासारखेच कथा सांगतात. ते खेळाडूला एका रिकाम्या घरात सोडतात आणि उरलेल्या वस्तूंवरून, त्यांच्या जागांवरून, एखाद्या न जुळणाऱ्या तपशिलावरून तेथे काय घडले असावे याची रुजुवात त्याच्याकडूनच करवून घेतात.

इनामगावातील एका घराचीच हकीकत पाहावी. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. या घराच्या अंगणात चार पायांचे, मनुष्याच्या धडासारखा आकार दिलेले मातीचे एक मोठे भांडे पुरलेले सापडले. त्यात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसविलेला होता. आता या वस्तीच्या जोर्वे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळातील प्रघात असा, की मृतास घराच्या जमिनीखाली पुरावे, लहान मुलास दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यात ठेवावे, आणि प्रौढास उताणे निजवून त्याची पावले घोट्याच्या वरून छाटून टाकावी. या एका पुरुषाची पावले मात्र शाबूत होती. का? तो गावाचा प्रमुख होता म्हणून, असे उत्खननकर्त्यांचे अनुमान आहे. आणि मध्यवर्ती जागा, मोठे घर, लगतचे कोठार व न छाटलेली पावले हे चार पुरावे एकत्र ठेवले असता वाचकही त्याच निर्णयाला येतो. कोणी त्याच्या कानात काही सांगितलेले नसते. त्याने पाहिलेले असते. दुसऱ्या एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेल्या मातीच्या पेटीत न भाजलेल्या मातीची एक शिरोहीन स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या उदरात छिद्र आहे, तसेच छिद्र सोबतच्या बैलाच्या पाठीवर आहे, आणि काडी घातली की ती देवी बैलावर आरूढ होते. कोणी, कोणत्या संकटात, कोणती इच्छा मनात धरून ही पेटी पुरली असेल, हा प्रश्न तीन हजार वर्षांनंतरही मनाला सोडीत नाही.

या कसोटीवर प्रसिद्ध खेळांकडे पाहिले म्हणजे त्यांचे गुणदोष स्पष्ट होतात. २०१३ सालच्या ‘गॉन होम’ या खेळात एक तरुणी परदेशाहून घरी परतते आणि घरात कोणीच नसते. शत्रू नाही, शस्त्र नाही, केवळ खोल्या आणि कपाटे. कल्पना थोर आहे, परंतु अखेर कथेचा भार धाकट्या बहिणीच्या रोजनिशीतील स्वगतांवर पडतो आणि वस्तू दुय्यम होतात. २०१८ सालचा लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ मला अधिक श्रेष्ठ वाटतो. त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा एक निरीक्षक ओसाड होऊन परतलेल्या जहाजावरील साठ माणसांचा शोध घेतो, आणि पेहराव, बोलीतील हेल, झोपण्याची जागा अशा खुणांवरून प्रत्येकाचे नाव व अंत ठरवितो. हा खरा पंचनामा आहे. ‘हेवन्स व्हॉल्ट’ने तर पुरातत्त्वज्ञ स्त्रीलाच नायिका केले, मात्र तिच्यापुढे वाचावयास प्राचीन लिपी ठेवली. लिपीवाचून मौन पाळणाऱ्या गावाची कथा सांगण्याचे साहस फार थोड्यांनी केले आहे.

आपल्याकडे खेळ आणि कथा यांचा संबंध नवा नाही. ज्याचे जनकत्व परंपरा ज्ञानदेवांकडे देते त्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिडीने चढणारा आणि दुर्गुणांच्या सर्पाने गिळला जाणारा खेळाडू स्वतःच्या आयुष्याचीच कथा खेळत असे. आजच्या काळी पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्तम स्वतंत्र खेळाच्या नामांकनांत त्याला स्थान मिळाले. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेली ती मुलगी, पहाडी चित्रशैलीची छटा ल्यालेली रंगसंगती, राजस्थानी वास्तूंचे ते सज्जे व कमानी, हे सारे पाहताना अभिमान वाटतो. पण तेथे कथा सांगतात त्या दुर्गा आणि विष्णू, वरून, निवेदनाच्या वाणीने. खेळाडू ऐकतो, शोधीत नाही. पुराणकथेचा तो धर्मच आहे, आणि म्हणूनच पुराणांपलीकडची सामग्री आपल्या रचनाकारांनी हाती घ्यावी असे मला मनापासून वाटते.

ती सामग्री शिरूर तालुक्यात सिद्ध आहे. वस्तीच्या आरंभीच्या, म्हणजे माळवा काळातील प्रशस्त चौकोनी घरे. मग पूर्व जोर्वे काळाची भरभराट, पुराचे पाणी वळवून शेतीस नेणारा कालवा व त्याचा बांध, जव, गहू आणि मसूर. वस्तीच्या पश्चिम कडेला कुंभार व इतर कारागिरांची घरे. आणि सुमारे इसवी सनपूर्व १००० नंतर पालटलेले दिवस. ढवळीकरांच्या मते हवामान शुष्क होत गेले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांड्यांची घडण उतरली, शिकार केलेल्या हरिणांची हाडे वाढली. हे एकच अंगण तीन काळांत खेळाडूने फिरून पाहावे, खोली आक्रसताना आणि कोठार रिते होताना त्याने स्वतः ओळखावे की पाऊस हटला आहे, आणि एकाही पात्राने तसे उच्चारू नये, याहून समर्थ कथाखेळ मला सुचत नाही.

पुण्यातील तरुण रचनाकारांना माझी विनंती एवढीच आहे की त्यांनी १९८८ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेला इनामगावचा उत्खनन-अहवाल मिळवून वाचावा, त्यातील घरांचे आराखडे समोर ठेवावे, आणि एकदा घोड नदीच्या काठी जाऊन ती टेकाडे पायांखालून घालावीत.