विठ्ठलवाडी ते जर्मनी: विद्यार्थ्याचा उन्हाळा रीलबाहेर कसा असतो?

इन्स्टाग्रामवर जर्मनीतला उन्हाळा तीस सेकंदांत संपतो. डोंगरावरचा पांढरा किल्ला, तळ्यात मारलेली उडी, हातात आइस्क्रीम आणि रात्री साडेनऊलाही लख्ख उजेड. कल्याणनंतरच्या पहिल्याच स्टेशनवर, विठ्ठलवाडीला, लोकलची वाट बघत ही रील पाहणाऱ्या मुलामुलींना वाटतं की तिकडे शिकायला गेलं की तीन महिने नुसती मजा.

मजा असतेच. पण त्याच तीन महिन्यांत परीक्षा असते, कामाचे तास मोजावे लागतात आणि महिन्याच्या शेवटी खात्यात किती उरलेत हेही बघावं लागतं. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ५९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वात मोठा गट आता भारतीयांचा आहे. त्यांचा उन्हाळा नेमका कसा जातो?

उन्हाळा नक्की कधी?

विठ्ठलवाडीत मार्च ते मे घामाच्या धारा लागतात. जर्मनीतला उन्हाळा जून ते ऑगस्टचा, म्हणजे घरी छत्री उघडलेली असते तेव्हाचा. बर्लिनमध्ये जूनच्या शेवटी पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो.

विद्यापीठाचं उन्हाळी सत्र मात्र १ एप्रिलला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतं. वर्ग साधारण जुलैच्या मध्यापर्यंत किंवा शेवटापर्यंत चालतात आणि त्यानंतर परीक्षा येतात. काही विषयांचे पेपर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही असतात. त्यामुळे हवा सर्वात छान असते ते आठवडे बऱ्याच जणांचे लायब्ररीत जातात. खरी मोकळीक मिळते ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तीही प्रोजेक्ट रिपोर्ट आणि नोकरी सांभाळून.

याआधी कोण गेलं होतं?

महाराष्ट्रातून जर्मनीला शिकायला जाण्याची वाट जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी १९२१ च्या उन्हाळी सत्रासाठी बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. त्यांचं तिथलं शिक्षण पुढे गेलं नाही, पण त्या नोंदणीची कागदपत्रं विद्यापीठात जपलेली आहेत.

इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या. कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांची मोजमापं घेतली. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक आणि माणसाचा वंश यांचा संबंध दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. युरोपीय वंश श्रेष्ठ मानणाऱ्या मार्गदर्शकासमोर हे मांडणं सोपं नव्हतं. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. दालेम भागातली ती इमारत आज फ्राय विद्यापीठाकडे आहे. बर्लिनला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याने मेट्रोने जाऊन ती बाहेरून तरी जरूर पाहावी.

रोजचा दिवस कसा असतो?

सकाळ सायकलने किंवा ट्रामने सुरू होते. दुपारचं जेवण विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, म्हणजे 'मेन्सा'त. विद्यार्थ्यांसाठी तिथले दर बाहेरच्या हॉटेलपेक्षा बरेच कमी असतात आणि शाकाहारी पदार्थांवर खूण असते. रात्री मात्र बहुतेक जण खोलीवर कुकर लावतात.

नव्या माणसाला पहिला धक्का बसतो तो छताकडे बघून. पंखाच नसतो! बहुतांश घरांत एसीही नसतो, कारण घरं थंडी अडवण्यासाठी बांधलेली असतात. एरवी ते चालतं, पण उष्णतेची लाट आली की खोली भट्टी होते. २५ जुलै २०१९ ला जर्मनीत ४१.२ अंश तापमानाची नोंद झाली होती. यावर तिथल्या लोकांचा उपाय साधा आहे: दिवसा खिडक्या आणि शटर बंद, रात्री सगळं उघडं. टेबल फॅन घ्यायचा तर मे महिन्यातच घ्यावा, लाट आल्यावर दुकानांत मिळत नाही.

दुसरा धक्का रविवारचा. त्या दिवशी सुपरमार्केट बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात, पण तिथे दूध-ब्रेडही महाग पडतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी पिशवी भरून आणायची. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, हा नियमही लोक काटेकोर पाळतात. बाल्कनीत मोठ्याने फोनवर बोललं तरी शेजारी दार वाजवू शकतो.

घरी फोन करायचा तर उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. जर्मनीत अजून उजेड आहे म्हणून रात्री साडेनऊला फोन लावला, तर विठ्ठलवाडीत एक वाजलेला असतो. आईशी निवांत बोलायचं असेल तर जर्मनीतली संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ बरी.

महिन्याचा खर्च कसा बसवतात?

व्हिसासाठी विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी हे जवळपास एक लाख रुपये झाले. ऐकायला मोठी रक्कम आहे, पण खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा भरला की त्यातला मोठा भाग संपतो. म्युनिकसारख्या शहरात तर नुसत्या भाड्यातच निम्म्याहून जास्त पैसे जाऊ शकतात.

त्यामुळे बचतीच्या लहान सवयी लागतात. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, सोबत बाटली ठेवली की पाणी विकत घ्यावं लागत नाही. शीतपेयाच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर किंवा कॅनवर २५ सेंट अनामत असते आणि सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये ती बाटली टाकली की पैसे परत मिळतात. पार्टीनंतर कुणाच्या खोलीत बाटल्यांचा ढीग पडला असेल, तर तो कचरा नसून कुणाचा तरी उद्याचा नाश्ता असतो.

सर्वात मोठी बचत भाड्यात होते. दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळाली किंवा दीड महिना घरी जायचं ठरलं, तर रिकामी खोली दुसऱ्या विद्यार्थ्याला तात्पुरती देण्याची पद्धत आहे. त्यासाठी घरमालकाची किंवा वसतिगृहाची परवानगी लागते. ती न घेता खोली दिली, तर आपली खोली हातची जाऊ शकते.

किती काम करता येतं?

युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांपर्यंतचं काम अर्ध्या दिवसात धरतात. २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला साधारण दहा तास काम केलं, तर महिन्याला सुमारे ६०० युरो मिळतात. ६०३ युरोपर्यंतच्या कमाईला तिथे 'मिनी-जॉब' म्हणतात.

विद्यापीठातच प्राध्यापकांचा सहायक म्हणून केलेलं काम या १४० दिवसांत मोजलं जात नाही. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिपही मोजत नाहीत. पण स्वतःहून केलेली इंटर्नशिप मोजतात, अगदी बिनपगारी असली तरी. ऑगस्टमध्ये गोदामात पूर्णवेळ काम आणि लगेच ऐच्छिक इंटर्नशिप, असा बेत आखताना नेमकी इथेच चूक होते. दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. परवान्याच्या नूतनीकरणावेळी मर्यादा ओलांडल्याचं दिसलं, तर अडचण येते.

सोशल मीडियावर सक्रिय असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यार्थी परवान्यावर स्वतंत्र व्यवसाय करायला वेगळी परवानगी लागते. यूट्यूबची कमाई, पैसे घेऊन केलेली रील किंवा फ्रीलान्स डिझाइन यांतलं काहीही 'नोकरी नाही, म्हणून चालतं' असं नसतं. आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारावं. तसंच एखाद्याचा चेहरा ठळक दिसणारा व्हिडिओ त्याच्या संमतीशिवाय टाकणं तिथे कायद्याने अडचणीचं ठरतं.

फिरायचं कसं? लोकलच्या पासने!

२०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये जर्मनीने महिन्याला ९ युरोचं तिकीट काढलं होतं. तीन महिन्यांत त्याची सुमारे ५.२ कोटी तिकिटं विकली गेली. त्यातूनच मे २०२३ मध्ये ४९ युरोचं 'डॉइचलांड तिकीट' आलं. जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत ६३ युरो आहे. अनेक विद्यापीठांत ते फीसोबत ६० टक्के दरात मिळतं.

हा पास देशभरातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम आणि बसमध्ये चालतो. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्यांत चालत नाही. पास सबस्क्रिप्शनवर असतो, त्यामुळे पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावा लागतो. अकरा तारखेला आठवलं की ६३ युरो गेले.

विठ्ठलवाडीच्या प्रवाशाला बाकीचं ओळखीचं वाटेल. स्टेशनवर बहुतेक ठिकाणी गेट नसतं, डब्यात कधीही टीसी येतो. विनातिकीट सापडलं तर ६० युरो दंड. 'जर्मन गाडी घड्याळ लावून धावते' हाही आता गैरसमजच. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या. उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. थोडक्यात, तिथलाही मेगाब्लॉक! म्हणून सकाळी निघताना ॲप पाहावं आणि परतीची शेवटची गाडी कधीच धरू नये, तिच्या आधीची धरावी.

एका दिवसात काय काय पाहता येतं?

*कलोन:* स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच १५७ मीटर उंच कॅथेड्रल. बांधकाम १२४८ मध्ये सुरू झालं आणि १८८० मध्ये पूर्ण झालं. दक्षिणेकडच्या मनोऱ्यावर जायला ५३३ पायऱ्या आहेत. विठ्ठलवाडीपासून दोन स्टेशनं पुढे असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. कलोनचा पाया घातला गेला तेव्हा आपलं मंदिर जवळपास दोनशे वर्षांचं होतं.

*नॉयश्वानस्टाइन:* रीलमधला पांढरा किल्ला तो हाच. राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये बांधायला घेतला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत प्रादेशिक गाडीने साधारण दोन तास, पुढे बस. आतलं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, म्हणून आधी काढावं. बाहेरून पाहायला पैसे लागत नाहीत.

*बुटेनहाइम:* हे नाव फारसं कुणाच्या यादीत नसतं, पण जीन्सच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या उल्हासनगरच्या मुलांनी ते टाकावं. न्यूर्नबर्ग ते बांबर्ग या लोकलच्या मार्गावरचं हे छोटं गाव. जीन्सचं पेटंट घेणाऱ्या दोघांपैकी एक, लेव्ही स्ट्रॉस, १८२९ मध्ये इथे जन्मला आणि पुढे गरिबीमुळे कुटुंबासोबत अमेरिकेला गेला. त्याच्या जन्मघरात आता संग्रहालय आहे.

*बर्लिन:* भिंतीच्या उरलेल्या भागावर रंगवलेली सुमारे १,३०० मीटरची ईस्ट साइड गॅलरी रस्त्यावरच आहे. संसदेच्या काचेच्या घुमटात प्रवेश मोफत असतो, मात्र आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि पासपोर्ट सोबत लागतो.

*डाखाऊ:* म्युनिकहून लोकल आणि बसने जाता येतं. १९३३ मध्ये नाझींनी इथे छळछावणी सुरू केली. प्रवेश मोफत आहे. जर्मन शाळांच्या सहलीही इथे येतात. ही सेल्फीची जागा नव्हे, याचं भान ठेवूनच जावं.

दिवसाच्या शेवटी म्युनिकमध्ये असाल तर एक खास सोय आहे. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये घरचं जेवण नेता येतं. पेय तिथूनच घ्यायचं, मग ते लिंबू सरबत असलं तरी चालतं. टेबलक्लॉथ नसलेल्या बाकावर बसून पोळी-भाजीचा डबा उघडला तरी कुणी वळून बघत नाही.

जर्मनीबाहेर जाण्याआधी

पॅरिस किंवा प्राग जवळ असल्यामुळे मोह होतोच. रहिवासी परवाना असेल तर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. पण कार्डाची मुदत संपत आलेली असेल, तर आधी नूतनीकरण आणि मग तिकीट. परवाना कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात, त्यामुळे हे काम एप्रिल-मेमध्येच हाती घ्यावं.

अनुभवी विद्यार्थी साधारण असा क्रम लावतात: एप्रिलमध्ये कागदपत्रं आणि इंटर्नशिपचे अर्ज, मे-जूनमध्ये रविवारच्या एकदिवसीय सहली, जुलैमध्ये फक्त अभ्यास, ऑगस्टमध्ये काम आणि सप्टेंबरमध्ये एखादी मोठी सहल. रविवारी दुकानं बंदच असतात, तेव्हा शनिवारी रात्री डबा भरायचा आणि सकाळची पहिली प्रादेशिक गाडी पकडायची. गर्दीच्या लोकलमध्ये चढायची सवय असलेल्याला तिथे तर बसायला जागाही मिळते.