नाशिकचा चमचा, मलकवालची बाटली आणि खम्ममच्या मुली

जून 2021 मध्ये नाशिकमधील एका ज्येष्ठ नागरिकाचा व्हिडिओ देशभर फिरला. कोविशील्डचा दुसरा डोस घेतल्यानंतर अंगाला चमचे आणि नाणी चिकटू लागली, असा त्यांचा दावा होता. वाहिन्यांनी तो दिवसभर दाखवला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने हा दावा खोडून काढला. लसीच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ना लोखंड, ना निकेल. घामट, तेलकट त्वचेला गुळगुळीत वस्तू चिकटते, एवढीच ती गोष्ट. अंगात खरेच चुंबक असते तर पातळ सदऱ्यावरूनही चमचा चिकटला असता, आणि होकायंत्राची सुई जवळ नेताच फिरली असती. घरात कोणीही करू शकेल अशी ही तपासणी आहे. ती करण्याआधीच व्हिडिओ आपल्या वस्त्यांतल्या ग्रुपांवर पोचला, आणि ‘दुसरा डोस नको’ म्हणणारे आम्हाला भेटू लागले.

त्या गृहस्थांना खोटारडे म्हणायला आम्ही तयार नाही. चमचा चिकटला हे त्यांनी पाहिले, ते खरेच होते. तो लसीमुळे चिकटला, हा मात्र त्यांचा निष्कर्ष होता. लस घेतलेला माणूस स्वतःच्या तोंडाने जे सांगतो त्यात या दोन गोष्टी नेहमी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

कोविड लसींच्या 12 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक चाचणीत काहींना लस आणि काहींना नुसतेच निरुपद्रवी द्रावण टोचले होते; कोणाला काय मिळाले हे त्यांना माहीत नव्हते. लस मुळीच न मिळालेल्यांपैकीही सुमारे 35 टक्के लोकांनी पहिल्या टोचणीनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या. डोके दुखत होते यात शंका नाही. पण लस न घेतलेल्यांचे आकडे शेजारी नसते, तर हे सगळे लसीच्याच नावावर चढले असते.

ही शेजारी ठेवून मोजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. पण एकट्या हाफकिनच्या तापावरून लस चांगली की वाईट हे ठरणार नव्हते. म्हणून भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर टोचलेले आणि न टोचलेले कैदी यांची तुलना झाली. (गजाआडच्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही.) त्याच वर्षी 10 मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या.

पुढे 1902 मध्ये पंजाबातील मलकवाल गावी 107 जणांना ही लस टोचली गेली आणि त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. ही भीती पोकळ नव्हती. तपासात दिसले की ते सगळे एकाच बाटलीतून, 53 एन क्रमांकाच्या, टोचलेले होते. इतर बाटल्यांची लस घेतलेल्यांना धनुर्वात झाला नव्हता. म्हणजे दोष एका बाटलीत शिरलेल्या घाणीचा होता. हाफकिन यांना मात्र पदावरून दूर केले गेले आणि निर्दोष ठरायला 1907 साल उजाडले. कोणती बाटली कोणाला, हे लिहून ठेवले नसते तर लसच गुन्हेगार ठरली असती, किंवा गावकऱ्यांना अडाणी म्हणून हाकलले गेले असते.

आपल्या चळवळीला या दुसऱ्या शक्यतेचा अनुभव जास्त आहे. 2009 मध्ये आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात सुमारे 14,000 मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस एका प्रात्यक्षिक प्रकल्पात टोचली गेली. गुजरातेत वडोदऱ्यालाही तोच प्रकल्प होता. 7 मुलींच्या मृत्यूंनंतर 2010 मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, आणि ही लस कर्करोग रोखते हे आज जगाने मान्य केले आहे. पण संसदीय समितीचा 2013 चा अहवाल वाचला तर अंगावर काटा येतो. आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आणि त्रास झाल्यास त्याची नोंद ठेवणारी धड यंत्रणाच नव्हती. गोंडा-कोयांच्या मुलींनी मैत्रिणीजवळ ‘पोट दुखतंय’ म्हटले असेल, ते कुठल्या कागदावर आले?

नाशिकचा चमचा देशभर पोचतो आणि खम्ममच्या मुलीचे पोट रजिस्टरपर्यंत पोचत नाही. स्वतःहून येणाऱ्या तक्रारींवर उभ्या राहिलेल्या आकडेवारीत ज्याच्याकडे मोबाइल, भाषा आणि ओळख आहे त्याचे दुखणे जास्त दिसते. अमेरिकेत तर कोणीही नोंद करू शकतो. तिथे एका डॉक्टरने लसीमुळे आपण ‘हल्क’ झालो अशी नोंद मुद्दाम टाकून पाहिली, ती आधी स्वीकारलीही गेली. तरीही 2021 मध्ये अॅस्ट्राझेनेका लसीनंतरच्या दुर्मिळ रक्तगुठळ्या युरोपात अशाच नोंदींतून लक्षात आल्या, मग तज्ज्ञांनी एकेक रुग्ण तपासला.

म्हणून ‘लोक काहीही सांगतात’ म्हणून उडवून लावणाऱ्या साहेबांशी आमचा वाद आहे, आणि प्रत्येक व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या आपल्या पोरांशीही आहे. कालामांना बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले, ते दोघांनाही लागू आहे. वस्तीत कोणी टोचल्यानंतर त्रास होतो म्हणाले तर आधी उपचार मिळवून द्या. मग डोसची तारीख, बॅच नंबर, त्रास किती तासांनी सुरू झाला, आधीचे आजार, चालू औषधे, आणि त्याच दिवशी त्याच केंद्रावर घेतलेल्या इतरांना काय झाले, हे सगळे लिहून आरोग्य केंद्रात द्या. अर्जाची पोच घ्या.