लोभ आणि सावकारी

लोभ म्हणजे गरजेपेक्षा अधिक धन मिळवण्याची व ते राखून ठेवण्याची अनावर इच्छा. भारतीय परंपरेत काम, क्रोध, मद, मोह व मत्सर यांच्यासह लोभाची गणना षड्रिपूंत होते. लोभ मनुष्याच्या स्वभावातच असतो की आर्थिक परिस्थिती तो निर्माण करते, हा नीतिशास्त्र, अर्थशास्त्र व मानसशास्त्र यांतील जुना वादविषय आहे. महाराष्ट्रात या वादाला सावकारीच्या इतिहासाने ठोस रूप दिले. इ.स. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांपासून परभणीसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यातील कर्जबाजारीपणापर्यंत, दोष सावकाराच्या वृत्तीचा की कर्जव्यवस्थेचा, हा प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. त्याच्या उत्तरानुसार उपायही बदलत गेले.

संज्ञा

'लोभ' हा शब्द संस्कृतमधील 'लुभ्' या धातूपासून आला आहे. मराठीत त्याला दोन अर्थ आहेत. एक हाव, तर दुसरा स्नेह. पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असे लिहिण्याची पद्धत दुसऱ्या अर्थाची आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध व लोभ ही नरकाची तीन द्वारे मानली आहेत. या दृष्टीने लोभ हा मनाचा विकार असून त्यावरील उपाय आत्मसंयम हा आहे.

व्याजावरील पारंपरिक मर्यादा

प्राचीन भारतीय ग्रंथकारांनी लोभाची केवळ निंदा केली नाही, तर त्यावर नियमांची मर्यादाही घातली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सामान्य कर्जासाठी दरमहा शेकडा सव्वा पण हे धर्म्य व्याज ठरवले आहे. व्यापारासाठी ते पाच, अरण्यातून प्रवास करणाऱ्यांसाठी दहा व समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्यांसाठी वीस पण आहे. धोका वाढतो तसा व्याजदर वाढतो, हे या दरांतून मान्य केलेले दिसते. एकरकमी वसुलीत व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा मनुस्मृतीतील नियम पुढे 'दामदुप्पट' या नावाने रूढ झाला.

वैयक्तिक आचरणाचे उदाहरण म्हणून संत तुकारामांची कथा सांगितली जाते. त्यांच्या घराण्यात सावकारी होती. परंपरेनुसार दुष्काळानंतर घरातील कर्जखतांची वाटणी झाली. तुकारामांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली आणि बंधू कान्होबा यांच्या वाट्याची त्यांना दिली. एकाच घरातील, एकाच आर्थिक स्थितीतील दोघांनी वेगवेगळा मार्ग निवडल्याचे ही कथा सांगते. त्यामुळे लोभाचे कारण केवळ परिस्थितीत शोधणाऱ्या मताला ती एक मर्यादा दाखवते.

दख्खनचे दंगे

ब्रिटिश राजवटीत मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत लागू झाली. सारा रोख रकमेत व ठरल्या वेळी भरावा लागत असल्याने रयत सावकारावर अधिक अवलंबून राहू लागली. इ.स. १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा काढून टाकली. इ.स. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षे ठरवली. व्याज साचत जाऊ नये हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेत आणि थकलेले व्याज नव्या मुद्दलात मिळवत. मुंबई इलाख्यातील न्यायालये दामदुप्पट मानत असली, तरी खत नवे झाले की हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) ब्रिटनला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व भारतीय कापसाचे भाव चढले. या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव उतरले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढवण्यात आला. सावकारांनी नवे कर्ज देणे थांबवून जुन्या कर्जाची वसुली सुरू केली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा खते व हिशेबाच्या वह्या जाळण्यावर होता.

कारणांविषयी मतभेद

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल इ.स. १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवण्यात आला. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण आयोगापुढे आले होते. सरकारी सारा हे असंतोषाचे कारण नसून सावकारच दोषी आहेत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. लोभाला कारण मानल्याने सरकारचे महसूल धोरण मात्र दोषमुक्त ठरत होते, अशी टीका या निष्कर्षावर झाली. पुणे सार्वजनिक सभेने दंग्यांपूर्वीच वाढीव साऱ्याकडे लक्ष वेधले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात सावकाराबरोबरच सरकारी नोकरशाही व धार्मिक विधींतून होणारा खर्च यांनाही शेतकऱ्याच्या दैन्यासाठी जबाबदार धरले.

अर्थशास्त्रीय स्पष्टीकरणे

ॲडम स्मिथ यांनी स्वहित ही आर्थिक व्यवहाराची प्रेरणा मानली, तरी व्याजदरावर कायदेशीर मर्यादा असावी असे त्यांचे मत होते. जेरेमी बेंथम यांनी इ.स. १७८७ मध्ये या मर्यादेला विरोध केला. बेंथम यांच्या मते दोन सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने ठरवलेल्या दरात कायद्याने पडू नये. ऋणको खरोखर राजीखुशीने करार करतो का, हा या वादातील कळीचा मुद्दा आहे.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी इ.स. १९७० मधील निबंधात भारतीय सावकाराचे उदाहरण घेतले आहे. कोणता ऋणको कर्ज फेडील हे गावातल्या सावकाराला माहीत असते, बाहेरच्याला ते कळत नाही. त्यामुळे स्पर्धक येत नाहीत व दर चढे राहतात. अमित भादुरी यांच्या मांडणीनुसार तारण ठेवलेल्या जमिनीची किंमत सावकार कमी धरतो. त्यामुळे कर्ज बुडाले तरी त्याचे नुकसान होत नाही, उलट जमीन हाती येते. दोन्ही स्पष्टीकरणांत सावकार इतरांपेक्षा अधिक लोभी आहे असे गृहीत धरावे लागत नाही.

परभणी जिल्हा

परभणी जिल्हा इ.स. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे दंग्यांनंतर मुंबई इलाख्यात झालेला शेतकरी संरक्षणाचा कायदा येथे लागू नव्हता. संस्थानात सावकारीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १३४९ फसलीत (इ.स. १९३९–४०) झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग परभणीवरून सुरू झाल्यावर येथील काळ्या जमिनीतील कापूस दूरच्या बाजारपेठांशी जोडला गेला. सेलू व मानवत ही कापसाच्या व्यापाराची केंद्रे म्हणून ओळखली जातात.

जिल्ह्यातील बरीच शेती पावसावर अवलंबून आहे. बी-बियाणे व खतांसाठी पैसा मृग नक्षत्राच्या सुमारास लागतो, तर सोयाबीन व कापसाचे पैसे दसरा-दिवाळीनंतर हाती येतात. मधल्या काळात आजारपण वा लग्नकार्य उद्भवल्यास बँकेचे पीककर्ज पुरत नाही. थकबाकीदाराला नवे पीककर्ज मिळणे अवघड असल्याने एक हंगाम बुडाला की तो खासगी सावकाराकडे वळतो. पाऊस हुकला तर गावातील सर्वच ऋणको एकाच वेळी अडचणीत येतात. याच कारणाने चढा दर आवश्यक ठरतो, असे सावकारांचे समर्थन असते. मात्र कर्जाच्या बदल्यात जमिनीचे खरेदीखत करून घेण्याच्या प्रथेला हे समर्थन लागू पडत नाही, कारण तेथे धोका मुख्यतः ऋणकोवरच पडतो.

कायदे व त्यांचे परिणाम

- दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १८७९ : पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू. न्यायालयाला खतापलीकडे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासता येऊ लागला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यास प्रतिबंध झाला. काही सावकारांनी यानंतर गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली.
- सहकारी पतसंस्था कायदा, १९०४ : सावकाराला पर्याय उभा करण्याचा प्रयत्न. तरीही अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत (१९५१–५२) शेतकऱ्यांच्या कर्जातील सहकारी संस्थांचा वाटा सुमारे तीन टक्केच आढळला.
- मुंबई सावकारी कायदा, १९४६ : परवाना बंधनकारक झाला. न्यायालयाने मुद्दलाहून अधिक व्याज मंजूर करू नये, या तरतुदीने दामदुप्पटीचे तत्त्व विधिनियमात आले.
- महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ : विनापरवाना सावकारी हा शिक्षापात्र गुन्हा आहे. सावकारीतून बळकावलेली जमीन चौकशीनंतर मूळ मालकास परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे.

मानवी स्वभावाविषयीचे प्रयोग

जर्मनीतील संशोधकांनी इ.स. १९८२ मध्ये मांडलेल्या प्रयोगात एका व्यक्तीला रक्कम देऊन ती दुसऱ्याबरोबर वाटून घेण्यास सांगितले जाते. दुसऱ्याने वाटा नाकारल्यास दोघांनाही काही मिळत नाही. फार कमी वाटा लोक बहुधा नाकारतात, असे आढळले. जोसेफ हेनरिक व सहकाऱ्यांनी हा प्रयोग पंधरा लहान समाजांत केला. देऊ केलेला सरासरी वाटा पेरूतील माचिगेंगा समाजात सुमारे २६ टक्के, तर इंडोनेशियातील लामालेरा या देवमाशांची सामूहिक शिकार करणाऱ्या गावात निम्म्याहून अधिक होता. बाजाराशी अधिक संबंध असलेल्या समाजांत वाटा समानतेच्या जवळ जाणारा होता. त्यामुळे बाजारच माणसाला लोभी करतो, हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. आणि सर्वत्र सारखाच स्वार्थ आढळतो, हेही नाही.

मूल्यमापन

सावकारीच्या इतिहासावरून लाभाची इच्छा सर्व काळांत आढळते, मात्र तिचे परिणाम सारखे राहत नाहीत, असे दिसते. १८६०च्या दशकात सढळ कर्ज देणारे सावकार पुढील दशकात वसुलीसाठी कठोर झाले. या काळात त्यांच्या स्वभावापेक्षा कापसाचा भाव व साऱ्याची आकारणी बदलली होती. दुसरीकडे १८५९ व १८७९ च्या कायद्यांतून पळवाटा काढल्या गेल्या, यावरून केवळ नियम बदलून लोभाला आवर बसत नाही हेही दिसते. ऋणकोला दुसरीकडे वेळेवर कर्ज मिळण्याची सोय नसेल, तर कायद्याने संरक्षण दिले तरी तो त्याच दाराशी परततो. म्हणून कर्जाचा पर्याय, पिकाचे विमासंरक्षण व सावकारीचे नियमन यांचा एकत्रित विचार आवश्यक मानला जातो.

हेही पाहा

- दख्खनचे दंगे
- षड्रिपू
- परभणी जिल्हा
- महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्या