शिर्डी : रस्ता अपघातांचे अहवाल आणि ई-चलन नोंदी

शिर्डीत (ता. राहाता, जि. अहिल्यानगर) आणि शिर्डीकडे येणाऱ्या रस्त्यांवर घडलेल्या वाहन अपघातांची पोलीस कागदपत्रे, तसेच वाहतूक दंडाच्या नोंदी, मिळवण्याची पद्धत. येथील अपघातग्रस्तांत परगावच्या, पुष्कळदा परप्रांतातल्या भाविकांचा भरणा मोठा. जखमीला घेऊन घरचे लोक गावी परततात आणि विम्याचा किंवा भरपाईचा प्रश्न आला की कागद शोधू लागतात. अमेरिकेत अपघाताचा अहवाल हा स्वतंत्र दस्तऐवज असतो आणि बऱ्याच राज्यांत तो थोडे शुल्क भरून मिळतो. आपल्याकडे असा एकच कागद नसतो. गुन्हा, पंचनामा, वैद्यकीय कागद, वाहन तपासणी आणि न्यायालयातले प्रकरण अशा निरनिराळ्या ठिकाणी ही माहिती विखुरलेली असते.

हद्द. पहिला प्रश्न ठाणे कोणते, हा. वर्तमानपत्रात ‘शिर्डीजवळ अपघात’ असे छापून येते. पोलिसांच्या दप्तरी मात्र ‘जवळ’ असा शब्द नाही. शहरातली घटना शिर्डी पोलीस ठाण्याकडे जाते. नगर-मनमाड रस्त्याने थोडे दक्षिणेला गेले की राहाता ठाण्याची आणि उत्तरेला कोपरगाव तालुक्याची हद्द लागते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि लोक त्याला शिर्डीचा रस्ता म्हणू लागले; तो अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातून जातो. पूर्वेला वैजापूर म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्हा, पश्चिमेला सिन्नर म्हणजे नाशिक. १३ जानेवारी २०२३ च्या पहाटे अंबरनाथ परिसरातून भाविकांना घेऊन शिर्डीला निघालेली खासगी बस सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पाथरे शिवारात ट्रकला धडकली आणि दहा जण मृत्युमुखी पडले. बातम्यांत ती शिर्डीची बस होती. तपास मात्र नाशिक ग्रामीण पोलिसांच्या वावी ठाण्याकडे होता. अशा प्रकरणात शिर्डीच्या ठाण्यात खेटे घालून काही हाती लागत नाही.

जखमीला लांबच्या शहरातल्या रुग्णालयात हलवले की आणखी एक वळण येते. तिथले पोलीस जबाब घेतात, ‘शून्य’ क्रमांकाने गुन्हा नोंदवतात आणि कागद मूळ हद्दीच्या ठाण्याकडे ‘वर्ग’ करतात. तिथे नवा क्रमांक पडतो. नातेवाइकांच्या हातात पहिला क्रमांक असतो आणि तो सांगितला की ठाण्यात ‘असा गुन्हाच नाही’ असे उत्तर मिळते. ‘कागद वर्ग होऊन आले का, कोणत्या जावक क्रमांकाने निघाले’ असे विचारले तर काम पुढे सरकते.

प्रथम खबर. गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे ‘गु. र. नं.’, हाताशी असला की बाकीचे कागद त्याच्यामागून सापडतात. तो नेहमी ठाण्याचे नाव आणि साल यांसह लिहावा. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, तोच आकडा राज्यातल्या इतर ठाण्यांतही असतो. १ जुलै २०२४ पासून खबर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदवली जाते आणि फिर्यादीला किंवा पीडिताला तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. त्याआधीच्या कागदांवर फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५४ दिसेल. गुन्ह्याची कलमेही तशीच बदलली: जुन्या नोंदीत भारतीय दंड संहितेची २७९, ३३७, ३३८, ३०४-अ, नव्या नोंदीत भारतीय न्याय संहितेची २८१, १२५, १०६(१). जोडीला मोटार वाहन कायद्याचे १८४ बहुधा असतेच.

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला की, संवेदनशील गुन्हे वगळून प्रथम खबरी चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकाव्यात. जोडणीची अडचण असेल तिथे जास्तीत जास्त ७२ तास. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित प्रथम खबर’ या भागात जिल्हा, ठाणे आणि तारखेचा अवधी भरून ती घरबसल्या उतरवून घेता येते. चेन्नईतल्या किंवा हैदराबादेतल्या माणसाला फेरी वाचवणारी एवढी एकच सोय आहे. खबर मात्र मराठीतच असते, ‘समक्ष हजर राहून फिर्याद लिहून देतो की’ या ठरीव सुरुवातीसह. परराज्यातल्या विमा कंपनीपुढे भाषांतर जोडावे लागते.

किरकोळ धडकेत बहुतेक वेळा गुन्हाच दाखल होत नाही. दर्शनाची वेळ गाठायची असते, गाडी चालत असते, म्हणून लोक आपसात मिटवतात आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असा जबाब लिहून देतात. मग उरते ती ठाण्याच्या दैनंदिनीतली दोन ओळींची नोंद. मुका मार म्हणून सोडून दिलेले दुखणे घरी गेल्यावर हाड मोडल्याचे निघाले, तर हाच जबाब आडवा येतो. अंगाला थोडेही लागले असेल तर तो लिहून देऊ नये, असे या नोंदकाराचे मत आहे. रुग्णालयात ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद करून घेतलेली बरी. साईबाबा संस्थानच्या रुग्णालयात उपचार होवोत वा लोणीच्या प्रवरा रुग्णालयात, त्या नोंदीवरून पोलिसांना कळवले जाते आणि तारखेचा पुरावा तयार होतो.

पंचनामा व इतर कागद. घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्त्याची दिशा, चतुःसीमा, वाहनांची स्थिती, काचांचे तुकडे, टायर घासल्याच्या खुणा यांची नोंद दोन पंचांसमक्ष होते. चूक कोणाची हे पुढे यावरच ठरते, त्यामुळे खबरेपेक्षा हा कागद जास्त मोलाचा. मृत्यू झाला असल्यास मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांची भर पडते. वाहनाची तपासणी मोटार वाहन निरीक्षक करतो. राहाता आणि कोपरगाव तालुके श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे ‘एमएच १७’ कडे येतात. भरपाई मागणाऱ्याने अर्ज केल्यास वाहन, मालक, चालक आणि विमा यांचा तपशील देणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे ठाणे अंमलदारावर बंधनकारक आहे. हा तपशील राज्यात ज्या नमुन्यात मिळतो त्याला वकील ‘कॉम्प एए’ म्हणतात. दोषारोपपत्र गेल्यावर हे सगळे न्यायालयाच्या दप्तरात जाते. शिर्डी ठाण्याची प्रकरणे राहात्याच्या न्यायालयात चालतात आणि तिथून नकलेचा अर्ज करून प्रमाणित प्रती मिळतात. त्रयस्थाला माहिती अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो, पण तपास चालू असेल किंवा खासगी तपशील असेल तर नकाराला कायद्यात जागा आहे.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी वेळापत्रकच घालून दिले आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. पहिल्या अहवालाची प्रत पीडिताला आणि विमा कंपनीला देणेही त्यात आहे. ही माहिती आता ‘ई-डार’ या प्रणालीत भरली जाते. तिचा पाया असलेल्या अपघात माहितीसंचाची प्राथमिक चाचणी झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. नियमांनुसार प्रत आपणहून घरी यावी; व्यवहारात तपासी अंमलदाराकडे लेखी मागावी आणि पोच घ्यावी. भरपाईच्या दाव्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी मुदतीत दावा करणेच शहाणपणाचे. दावेदार राहतो तिथेही दावा चालतो, त्यासाठी शिर्डीला यावे लागत नाही. ठोकर मारून वाहन पळून गेले असेल तर अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये.

ई-चलन. दंडाच्या नोंदी याहून सोप्या. राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की तारीख, ठिकाण, गुन्हा, रक्कम आणि बहुधा छायाचित्र दिसते. परराज्यातल्या गाडीलाही हे लागू आहे. चार आकड्यांच्या या अटीमुळे समोरच्या वाहनाचा दंडाचा इतिहास काढता येत नाही. तो हवा असल्यास न्यायाधिकरणामार्फत मागवावा लागतो. चलन वाहनाच्या नावावर पडते. भाड्याच्या गाडीने आलेल्या भाविकाला ते कळतही नाही, मालकाला मोबाइलवर संदेश जातो आणि मग चालकाच्या पगारातून कापायचे की गिऱ्हाइकाकडून घ्यायचे यावर वाद होतो. चुकीच्या चलनाविरुद्ध त्याच संकेतस्थळावर तक्रार करता येते. त्यासाठी चलनावरचे छायाचित्र आधी उतरवून ठेवावे. थकलेली चलने लोकअदालतीत निघतात आणि तशी नोटीस गाडीमालकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर जाते, मग तो पत्ता विजयवाड्याचा असो वा सुरतेचा.