बेळगावचे बाबा पदमनजी : दया आणि खरेपणाचा हिशेब

मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी लिहिणारा माणूस बेळगावात जन्मला, बेळगावात शिकू लागला आणि बाप्तिस्माही त्याने बेळगावातच घेतला. असं असूनही आपल्या सीमाभागात मराठीचा विषय निघाला की बाबा पदमनजींचं नाव क्वचितच ओठावर येतं. कारण सांगायला फार विचार करावा लागत नाही. ते ख्रिस्ती झाले. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांना ते मिशनऱ्यांच्या गोटातले वाटतात. त्यामुळे 'यमुनापर्यटन' हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं जातं आणि ते लिहिणारा माणूस बाजूला राहतो.

मंडळाच्या बैठकीत हा विषय सुचवला तेव्हा एका सभासदाने सरळच विचारलं, "धर्मांतराचा वाद कशाला उकरून काढता?" प्रश्न रास्त होता. पण मला त्या वादापेक्षा दुसरंच काही पाहायचं होतं. दया करावी आणि खरं बोलावं, ही शिकवण प्रत्येक रविवारी चर्चमध्ये ऐकू येते, आणि तशी ती कीर्तनातही ऐकू येते. ती ऐकून घरी आल्यावर माणूस काय करतो? पदमनजींनी काय केलं, त्याची किंमत कोणी मोजली आणि ते स्वतः कुठे कमी पडले, एवढंच या टिपणात पाहू.

बेळगाव १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलं. किल्ल्याशेजारी छावणी पडली. दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथे आले. पुढे विल्यम बेनन आले. बेननसाहेबांचं नाव बेनन स्मिथ हायस्कूलमुळे आजही आपल्या तोंडी आहे. नावामागचा माणूस कोण, हे मात्र विद्यार्थ्यांनाही सहसा माहीत नसतं. अशा बेळगावात १८३१ साली एका कासार कुटुंबात बाबांचा जन्म झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. घर देवभक्त होतं, पूजाअर्चा, व्रतवैकल्यं यथासांग चालत. मिशनच्या शाळेत मुलाला घातलं ते इंग्रजी यावी म्हणून. त्या काळी पुष्कळ घरांनी हाच हिशेब केला होता. मुलगा इंग्रजी शिकेल, नोकरीला लागेल आणि बायबलचा तास या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देईल, अशी पालकांची अपेक्षा असे. बाबांच्या बाबतीत हिशेब चुकला.

पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईला गेले, फ्री चर्चच्या संस्थेत शिकले. तिथे त्यांचा परमहंस मंडळीशी संबंध आला. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा भाग फार महत्त्वाचा आहे.

परमहंस मंडळी १८४९ मध्ये मुंबईत सुरू झाली. दादोबा पांडुरंग हे तिचे प्रमुख. देव एक आहे, जातिभेद खोटा आहे, मूर्तिपूजेत अर्थ नाही, विधवांचा पुनर्विवाह व्हावा, अशी त्यांची मतं. नव्या सभासदाने इतरांसमोर पाव खायचा, जात न पाहता दिलेलं पाणी प्यायचं, म्हणजे जात मोडली. आज पाव खाण्यात कसलं धाडस, असं वाटेल. पण १८५० च्या आसपास पाव हा परधर्मीयाच्या हातचा पदार्थ मानला जाई आणि तो खाणारा बाटला असं समजलं जाई. म्हणजे कृती खरोखर धाडसाची होती. फक्त ती बंद दाराआड होती. रात्री सभेत जात मोडायची आणि सकाळी घरी सोवळ्यात जेवायला बसायचं, असा प्रकार चाले. सभासदांच्या नावांची वही गुप्त ठेवलेली होती. १८६० मध्ये ती वही चोरीला गेली, नावं फुटणार अशी धास्ती पडली आणि मंडळी मोडली.

या सभासदांना मी भेकड म्हणणार नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय, ते त्या काळच्या माणसालाच ठाऊक. वाळीत पडलेल्याच्या घरी न्हावी येत नाही, मुलीला स्थळ मिळत नाही, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. प्रकरण कोर्टात गेलं, मुलगा वडिलांना परत मिळाला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं की नाही यावर मुंबईत केवढं रण माजलं! बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घ्यावं म्हणून खटपट केली, तर त्यांनाही त्रास झाला. परत यायला निघालेल्या पोराची ही गत, तर जाणाऱ्याची काय असेल!

पदमनजीही या गुप्त सभेचे सभासद होते. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी त्या काळाची हकिकत लिहून ठेवली, म्हणून तर आज आपल्याला मंडळीबद्दल इतकं कळतं. 'अरुणोदय' वाचताना मला जाणवतं ते असं : मनात एक आणि घरात दुसरं, या दुहेरीपणाचा त्यांना काच होत होता. १८५४ च्या सप्टेंबरात त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मुंबईसारख्या मोठ्या शहराच्या गर्दीत हे करणं त्यातल्या त्यात सोपं होतं. त्यांनी ते केलं जन्मगावी, जिथे गल्लीतला प्रत्येक माणूस त्यांना, त्यांच्या बापाला, आजोबाला ओळखत होता.

त्यांचा निर्णय पटो वा न पटो, त्यामागचं सूत्र लक्षात घेण्यासारखं आहे. जे खरं वाटतं ते लपवून पाळायचं नाही, एवढं ते साधं आहे. पण ते पाळलं की त्याची झळ आपल्याबरोबर घरच्यांनाही बसते. मुलगा गेला म्हणजे त्या काळच्या घरात एक प्रकारे सुतकच. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. आईची समजूत घालणारा कायदा कुठेच नव्हता. खरेपणाची किंमत खरं बोलणाऱ्यापेक्षा त्याच्या माणसांनी जास्त मोजली, असं अनेकदा होतं. 'अरुणोदय' वाचताना हे विसरता येत नाही, विसरूही नये.

आता दयेकडे येतो.

बाप्तिस्म्याच्या आधीच, १८५२ मध्ये, त्यांचा 'स्त्रीविद्याभ्यासनिबंध' प्रसिद्ध झाला होता. म्हणजे बायकांच्या स्थितीबद्दलची कळकळ त्यांना धर्मांतरातून मिळाली, असं म्हणता येत नाही. ती आधीपासून होती. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण' हे पुस्तक आलं. बंकिमचंद्रांची 'दुर्गेशनंदिनी' १८६५ ची, हे ध्यानात घेतलं की या पुस्तकाचा काळ किती आधीचा ते कळतं.

कथा साधी आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात. वाटेत ठिकठिकाणी विधवा भेटतात. त्यांच्या हकिकती यमुना ऐकते. केशवपन, उपासमार, टोमणे, घरातल्याच पुरुषांची वाईट नजर, सगळं त्यात येतं. मग विनायकराव वारतो आणि ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. तिच्यावरही केशवपनाचं संकट येतं. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

कादंबरी म्हणून पाहिलं तर पुस्तक कच्चं आहे. पात्रं मध्येच प्रवचन देऊ लागतात. तरी दोन गोष्टींसाठी मी ते पुन्हा पुन्हा उघडतो. पहिली म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं. १८५७ च्या मराठीत नवरा बायकोशी विचारविनिमय करतोय, तिचं मत विचारतोय, हे दृश्य दुर्मिळ आहे. दुसरी म्हणजे यमुनेचं ऐकणं. ती भेटेल त्या विधवेला आधी बोलू देते. उपदेश येतो तो नंतर. ज्या बाईचं तोंड सकाळी पाहणंही अशुभ मानत, तिच्याजवळ बसून तिची हकिकत शेवटपर्यंत ऐकायची, ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती. दया म्हणजे नेमकं काय करायचं, याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडत नाही. पैसा लागत नाही, संस्था लागत नाही, वेळ काढून बसावं लागतं.

हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' मधल्या यमूशी तुलना केली की आणखी एक गोष्ट दिसते. ती कादंबरी 'करमणूक' मधून १८९० पासून क्रमशः आली, म्हणजे तीसेक वर्षांनी. तिथेही नायिकेचं नाव तेच, तिथेही वैधव्य आणि केशवपन. आपट्यांची यमू मोडून पडते आणि वाचक हळहळतो. कला म्हणून आपटे कितीतरी वरचे. पण पदमनजींची यमुना उंबरठा ओलांडून बाहेर पडते. हळहळ संपल्यावर त्या बाईने जायचं कुठे, या प्रश्नाला १८५७ मध्ये एका लेखकाने निदान एक उत्तर दिलं होतं.

ते उत्तर एकच होतं, ही त्याची मर्यादा. त्यांच्या पुस्तकात विधवेच्या दुःखातून सुटण्याची वाट बाप्तिस्म्यातूनच जाते. ज्या बाईला आपला देव सोडायचा नव्हता पण केसही गमवायचे नव्हते, तिला यमुनेच्या कथेत जागा नाही. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा येणाऱ्या विधवेपुढे धर्म बदलण्याची अट नव्हती. मला इथे फुले पुढे गेलेले दिसतात. शिवाय पदमनजींच्या वादग्रंथांतली भाषा बोचरी आहे. कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना करणारं त्यांचं लिखाण भाविक माणसाला आजही लागेल. विधवेचं दुःख इतक्या हळुवारपणे ऐकणारा माणूस शेजाऱ्याच्या श्रद्धेबद्दल तितका हळुवार राहिला नाही. खरं बोलण्याच्या भरात दया मागे पडते ती अशी.

त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग मात्र वादात गेलाच नाही. तो खर्डेघाशीत गेला. पुण्यात शिक्षक, मग मंडळीचे पाळक, 'सत्यदीपिका' चे संपादन, पुस्तकांमागून पुस्तकं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जाडजूड, साध्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा. पदमनजींनी त्याचा संक्षेप केला, तो १८६३ मध्ये निघाला. इंग्रजी-मराठी कोशही त्यांनी केला. या कोशांत धर्मप्रचार नाही. शब्द, त्याचा अर्थ, पुढचा शब्द. हजारो शब्दांचे अर्थ इमानाने तपासायचे, ज्याला पाहिजे त्याने वापरावेत. ते वापरणारा विद्यार्थी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कोणीही असे. मला विचाराल तर रोजच्या जगण्यातला खरेपणा आणि परोपकार या कामात सर्वांत जास्त आहे. बाप्तिस्म्याचा दिवस एक; कोशाचं काम वर्षानुवर्षांचं.

१८८८ मध्ये 'अरुणोदय' प्रसिद्ध झालं. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील आत्मचरित्रांपैकी ते एक. १९०६ मध्ये पदमनजी वारले.

बैठकीतल्या त्या सभासदाला मी हे सगळं सांगितलं. धर्मांतराचा वाद मिटला असं काही झालं नाही, तो मिटावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण ते म्हणाले, "म्हणजे आमच्या आजीची हकिकत कोणीतरी शंभर वर्षं आधीच लिहून ठेवली होती तर." त्यांच्या आजी बालविधवा होत्या, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आपल्या सीमाभागातल्या जुन्या घरांत अशा आज्या, पणज्या पुष्कळ असतील. त्यांची नावं वंशावळीत नसतात, फोटो असला तर डोक्यावरून पदर ओढलेला. वाचकांपैकी ज्यांना अशा बायकांच्या ऐकीव गोष्टी ठाऊक आहेत त्यांनी त्या लिहून मंडळाकडे पाठवाव्यात. घराची नाचक्की होईल म्हणून काही झाकू नये, आणि गोष्ट रंगावी म्हणून काही वाढवूही नये. नावं बदलायची असतील तर जरूर बदला.