उमरावसभेची रोजकीर्द

पार्लमेंट म्हटलें कीं आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें प्रथम वक्तृत्व उभें राहतें. बर्क, पिट्, फॉक्स यांचीं भाषणें ज्या पिढ्यांनीं शाळा-कॉलेजांतून वाचलीं त्यांनीं तो संस्कार पुढल्यांस दिला, आणि पार्लमेंट म्हणजे बोलण्याचें ठिकाण ही समजूत घट्ट बसली. या समजुतीनें जो कोणी इंग्लंडच्या उमरावसभेचा सोळाव्या किंवा सतराव्या शतकांतील रोजनामा उघडील त्याची पहिल्या पानावरच निराशा होईल. तेथें भाषण नाहीं, वाद नाहीं. हजर असलेल्यांची यादी, अमुक बिल आज प्रथम वाचलें, तमुक दुसऱ्यानें वाचून कमिटीकडे सोंपविलें, आणि सभा उद्यां सकाळीं नऊ वाजेपर्यंत तहकूब झाली, एवढाच मजकूर. तोही आरंभींच्या काळांत बहुतांशीं लॅटिन भाषेंत. असें असूनही या रुक्ष पानांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. वहींत काय लिहावें, काय लिहूं नये आणि लिहिलेलें कोणाच्या सांगण्यावरून खोडावें, या प्रश्नांवर त्या राज्यांतील मोठमोठे झगडे झालेले आहेत.

हे रोजनामे १५१० सालापासूनचे उपलब्ध आहेत; कॉमन्स सभेचे १५४७ पासूनचे. त्या वेळीं उमरावसभेंत धर्माधिकाऱ्यांचें प्राबल्य असे. आठव्या हेन्रीनें १५४० पर्यंत मठ मोडले तेव्हां मठाधिपतींचीं नांवें यादींतून गेलीं, व दोन आर्चबिशप आणि चोवीस बिशप एवढेच उरले. राज्यक्रांति म्हणतात ती कधीं कधीं हजेरीपटांत अशी गुपचूप दिसते.

सभा सकाळीं भरे. प्रार्थना झाल्यावर लॉर्ड चॅन्सेलर लोकरीच्या पोत्यावर बसे. हें पोतें म्हणजे कांहीं थट्टा नव्हे. लोकर हें त्या देशाचें जुनें धन, आणि सभागृहांतील अशाच दुसऱ्या पोत्यांवर राज्याचे न्यायाधीश बसत. त्यांनीं विचारल्याशिवाय बोलूं नये आणि मत तर मुळींच देऊं नये. चिटणीस हजर असलेल्या उमरावांच्या नांवापुढें लॅटिन 'उपस्थित' या शब्दाचें आद्याक्षर मांडी. मग बिलें निघत.

बिल तीन वेळां वाचावयाचें, हा आज आपल्या विधिमंडळांतही नुसता शिष्टाचार उरला आहे. तेव्हां तें खरोखरच वाचीत. मसुद्याची छापील प्रत सभासदांच्या हातीं नसे. जें कानावर पडेल तेवढेंच कळे. पहिल्या दोन वाचनांना बिल कागदावर असे. दुसऱ्या वाचनानंतर कमिटीनें दुरुस्त्या सुचवाव्या, मग तें चर्मपत्रावर सुवाच्य उतरवावें आणि तिसऱ्यानें वाचून मत घ्यावें, असा क्रम सामान्यतः असे. मत देतांना सर्वांत कनिष्ठ बॅरनपासून आरंभ होई. एकेकानें उठून 'संतुष्ट' किंवा 'असंतुष्ट' एवढाच शब्द उच्चारावा आणि खालीं बसावें. थोरांचा कल पाहून धाकट्यानें मान डोलवूं नये, असा यांतील हेतु असावा.

गैरहजर उमरावास मुखत्यारपत्र देऊन दुसऱ्याकरवीं मत नोंदवितां येई. या सोयीचें व्हावयाचें तेंच झालें. पहिल्या चार्ल्सचा आवडता ड्यूक ऑफ बकिंगहॅम याच्या खिशांत १६२६ सालीं अशीं दहाहून अधिक मुखत्यारपत्रें जमलीं. तेव्हां सभेनें ठराव करून पुढें कोणींही दोहोंपेक्षां अधिक घेऊं नयेत असें ठरविलें. ही मुखत्यारीची पद्धति स्वतः १८६८ पर्यंत टिकली.

मंजूर झालेलें बिल कॉमन्सकडे न्यावयास जासूद म्हणून, महत्त्वाचें असल्यास न्यायाधीश व एरवीं चॅन्सरीचे मास्टर जात. दोन्ही सभांचें एकमत न झाल्यास 'रंगीत महाल' म्हणून प्रसिद्ध असलेल्या दालनांत त्यांच्या प्रतिनिधींची बैठक होई. तेथें उमराव टोप्या घालून बसत आणि कॉमन्सचे लोक उघड्या डोक्यानें उभे राहत. आपल्याकडे बोडक्यानें दरबारांत जाणें हा अपमान; तेथें डोकें उघडें करणें हाच मान. ज्यांच्या हातीं पैशाच्या मंजुरीच्या किल्ल्या होत्या तेच लोक असे तिष्ठत उभे असत, हें मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सरतेशेवटीं राजाची संमति जुन्या फ्रेंच भाषेंत सांगत. नकार द्यावयाचा तर 'राजा विचार करील' असें सौम्य वाक्य होतें. त्याचा शेवटचा उपयोग १७०८ सालीं ॲन राणीनें केला.

रोजनाम्यांत निर्णय असे, कारणें नसत. चिटणीस आपल्या कच्च्या वहींत भाषणांचीं टिपणें करी. पक्क्या प्रतींत तीं येत नसत. परंतु हरलेल्या पक्षाचें काय? त्यानें १६४१-४२ च्या सुमारास एक वाट काढली. ज्यास निर्णय मान्य नसेल त्या उमरावानें आपला निषेध सकारण रोजनाम्यांत लिहावा, ही वहिवाट तेव्हांपासून रूढ झाली. बहुमतास हें झोंबे, आणि कधीं कधीं तीं कारणें खोडून टाकण्याचा हुकूम होई. खोडण्याची ही धडपडच त्या लेखनाचें मोल सांगते.

याचें सर्वांत ठळक उदाहरण आपल्याशींही थोडेंसें निगडित आहे. टॉमस स्किनर नांवाचा एक इंग्रज व्यापारी १६५७ च्या सुमारास सुमात्राकडे गेला. तेथें जांबीच्या राजाकडून त्यानें एक बेट विकत घेतलें. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनीं त्याचें जहाज, माल आणि तें बेटही हिरावून घेतलें. स्वदेशीं परतून त्यानें राजाकडे दाद मागितली व प्रकरण फिरत फिरत उमरावसभेपुढें आलें. सभेनें १६६८ सालीं कंपनीकडून त्यास ५,००० पौंड देवविले. कंपनी कॉमन्सकडे धांवली. खालच्या कोर्टांना वगळून उमरावांनीं मूळ दावाच चालवावा हा कोठला न्याय, असा कॉमन्सचा सवाल. तो अगदींच गैर होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण बलाढ्य कंपनीपुढें एकट्या माणसास दुसरें कोण उभें करणार होतें? कॉमन्सनीं स्किनरला अटकेंत टाकण्याचा हुकूम काढला. उमरावांनीं कंपनीचा दुय्यम गव्हर्नर सर सॅम्युएल बार्नार्डिस्टन यास ३०० पौंड दंड करून कैदेंत धाडलें. याच १६६८ सालीं दुसऱ्या चार्ल्सनें मुंबई बेट वर्षाच्या १० पौंड खंडानें याच कंपनीच्या हवालीं केलें. एका बेटाबद्दल जिच्यावर हुकूमनामा, तिलाच दुसरें बेट बक्षीस!

पुढें दोन्ही सभांचें कामकाज अडलें. तेव्हां १६७० च्या फेब्रुवारींत राजानें दोघांस बोलावून, या प्रकरणाच्या सर्व नोंदी आपापल्या वह्यांतून काढून टाकाव्या, अशी सूचना केली. त्याप्रमाणें नोंदी रद्द झाल्या. त्यानंतर उमरावसभेनें असा मूळ दावा चालविण्याचा हक्क पुन्हां कधीं सांगितला नाहीं. प्रकरणाच्या नकला मात्र बाहेर राहिल्या व पुढें राजकीय खटल्यांच्या संग्रहांत छापल्या गेल्या.

उलट बाजूनें, हजेरीची सामान्य यादीही कधीं साक्षीस येते. बेकायदा कैदेविरुद्धचा हेबिअस कॉर्पसचा कायदा १६७९ च्या मे महिन्यांत झाला. शेवटच्या दिवशीं कॉमन्सशीं बैठक घ्यावी कीं नाहीं यावर मतें मोजलीं गेलीं. बैठक नाकारली असती तर बिल बुडालें असतें. बिशप बर्नेट यानें पुढें लिहून ठेविलें कीं, मोजणाऱ्या लॉर्ड ग्रे यानें थट्टेनें एका लठ्ठ उमरावाचीं दहा माणसें धरलीं आणि जोडीदाराच्या तें लक्षांत आलें नाहीं. मतें नोंदलीं आहेत ५७ विरुद्ध ५५, म्हणजे ११२. आणि त्या दिवसाच्या यादींत हजर उमराव १०७. गोष्ट खरी मानावी तर नऊ मतें फाजील व्हावयास हवीं. फरक पडतो पांचांचा. शिवाय उशिरां आलेल्यांचीं नांवें यादींत राहून जात, हेंही प्रसिद्ध आहे. तेव्हां बर्नेटच्या गोष्टीवर आमचा पुरता विश्वास बसत नाहीं. पण ती पारखावयास साधन आहे तें त्या चिटणिसाच्या यादीचेंच.

१६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्रीं वेस्टमिन्स्टरचा जुना वाडा जळाला व कॉमन्सचें बहुतेक जुनें दफ्तर त्यांत गेलें. उमरावसभेचें दफ्तर १६२१ पासून रस्त्यापलीकडील एका दगडी बुरुजांत, ज्युएल टॉवरमध्यें, ठेवीत असत. तेथें आग पोहोंचली नाहीं.